एकशे वीस ग्रॅमची पुडी

दिवाळीला मामाकडे गेलो होतो. मामाचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. मामीने दुपारी माळा आवरायला काढला आणि "दिवसभर खुर्चीत बसून पगार घेणारा भाचा" म्हणून मलाच शिडीवर चढवलं. वर एक पत्र्याची पेटी होती. आत जुने सातबारे, खताची बिलं, सोसायटीची पासबुकं, आणि एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची छोटीशी सीलबंद पुडी. वजन १२० ग्रॅम. वर 'नॉन-बीटी' असं छापलेलं. हंगाम खरीप २००९. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"मामा, हे काय आहे?"

मामाने खालूनच पाहिलं आणि हसला. "थे? थे अळीचं बियानं हाय."

हे अळीचं बियाणं काय प्रकरण आहे ते समजून घेण्यात माझे पुढचे तीन वीकांत गेले. आधीच सांगून टाकतो, मी शेतीतला तज्ज्ञ नाही. हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणं हा माझा धंदा. पण वाचत गेलो तसं वाटायला लागलं की बीटी कापसाची गेल्या वीस-बावीस वर्षांची गोष्ट त्या १२० ग्रॅमच्या पुडीत मावते. बीटी म्हटलं की दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, क्रांती झाली. दुसरा म्हणतो, वाटोळं झालं. दोघेही त्या जनुकाबद्दल बोलत असतात, आणि पुडीबद्दल कोणीच बोलत नाही.

तर सुरुवात अळीपासून करू.

आपल्याकडचा मूळचा कापूस म्हणजे देशी कापूस. धागा आखूड, पण झाड चिवट. इंग्लंडच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकन बी आणि चक्क अमेरिकन मळेवालेसुद्धा हिंदुस्थानात आणले. त्यांचे प्रयोग बहुतेक फसलेच. पण त्याच सुमाराला, १८४२ मध्ये, गुजरातेत भडोचच्या कापसात बोंडाच्या आत राहून सरकी खाणारी एक अळी सापडली. डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापलं. हीच आपली शेंदरी उर्फ गुलाबी बोंडअळी. पुढे ती सरकीत बसून जगभर हिंडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तला पोचली, तिथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत, आणि १९१७ मध्ये टेक्सासात. म्हणजे तिच्या पासपोर्टवर पहिला शिक्का आपला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी पार्श्वभूमी हायब्रिडची. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी 'एच-४' नावाचा कापसाचा संकर बाहेर काढला. व्यापारी लागवडीसाठी आलेला हा जगातला पहिला संकरित कापूस. कापसाचं फूल उमलायच्या आदल्या दिवशी हाताने त्यातले पुंकेसर खुडायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, असा एकेका फुलाचा उद्योग. इतकी स्वस्त मजुरी जगात फारशी कुठे नव्हती, त्यामुळे हायब्रिड कापूस हे मुख्यतः आपलंच वैशिष्ट्य राहिलं. बाकीचं जग बहुतांशी सरळ वाण लावतं. पुढे १९८० च्या दशकात नांदेडचा 'एनएचएच-४४' आला आणि मराठवाडा-विदर्भात वर्षानुवर्षं चालला.

हायब्रिडचे दोन परिणाम. एक, बी दरवर्षी विकत घ्यायचं, कारण घरचं बी पुढच्या पिढीत फाटतं, एकसारखं येत नाही. दोन, झाड मोठं, अंतर जास्त आणि पीक लांबलचक. जूनमध्ये टोबलेलं पीक जानेवारीपर्यंत शेतात. पाण्याची थोडी सोय असली तर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच पऱ्हाटी ठेवून, पाणी देऊन मार्चपर्यंत आणखी बोंडं घ्यायची. अळीच्या दृष्टीने ही बारमाही खानावळच.

मग औषधं आली. १९८० च्या सुमाराला सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं आपल्याकडे आली. पहिली काही वर्षं जादू वाटली. १९८७ मध्ये आंध्रातल्या कापसात अमेरिकन बोंडअळी (ही वेगळी, हिरवट, बोंडं बाहेरून पोखरणारी) त्या औषधाला दाद देईनाशी झाली आणि शेतंच्या शेतं गेली. १९९७-९८ मध्ये वारंगळ भागातल्या आत्महत्यांच्या बातम्यांनी देश हादरला. त्या काळात देशातल्या लागवडीखालच्या क्षेत्रापैकी पाचेक टक्के कापसाखाली होतं आणि एकूण कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी त्यावर पडत होती. मामा सांगतो, त्या वर्षांत तो एका हंगामात दहा-दहा फवारण्या करायचा, औषधं एकमेकांत मिसळून. मामी त्याचे कपडे वेगळे धुवायची.

बीटीला शिव्या घालताना आपण हे नव्वदचं दशक विसरतो. आधी सगळं सेंद्रिय, निर्मळ होतं आणि मग परदेशी कंपनी आली, अशी ती गोष्ट नाही. आधी विषाचा पंप होता.

आता बीटी. १९०१ मध्ये जपानात शिगेताने इशिवाता यांना रेशीमकिडे अचानक मारणारा एक जिवाणू सापडला. १९११ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तसाच जिवाणू पिठातल्या पतंगाच्या अळीत दिसला, आणि थुरिंजिया प्रांतावरून त्यांनी त्याला नाव दिलं, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. तेच बीटी. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन चिकटतं आणि तिथे भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. आपलं पोट आम्लधर्मी, आणि त्या चिकटायच्या जागाही आपल्याकडे नाहीत. कुलूपच नाही तर किल्ली लागणार कशाला? या जिवाणूची पावडर फवारणी म्हणून कित्येक दशकं वापरात होती, सेंद्रिय शेतीतसुद्धा. मोन्सँटोने त्या प्रथिनाचं जनुकच कापसात घातलं आणि 'बोलगार्ड' नावाने १९९६ मध्ये अमेरिकेत विकायला आणलं. आता झाड स्वतःच औषध तयार करणार.

आपल्याकडे ते आणलं जालन्याच्या महिकोने. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये उभी केलेली ही कंपनी. पुढे १९९८ मध्ये त्यांना 'वर्ल्ड फूड प्राइझ' मिळालं. त्याच वर्षी महिको आणि मोन्सँटोची भागीदारी झाली आणि शेतांवर चाचण्या सुरू झाल्या. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने चाचणीची काही शेतं जाळली. दिल्लीत समित्यांच्या बैठकांवर बैठका होत राहिल्या.

आणि मग २००१ मध्ये जे झालं ते एखाद्या सिनेमात शोभावं असं आहे. गुजरातेत त्या वर्षी बोंडअळीने कहर केला होता. त्यात काही शेतं मात्र हिरवीगार उभी. तपासलं तर त्या झाडांत बीटी जनुक! वाण होता 'नवभारत १५१', अहमदाबादच्या एका बियाणे कंपनीचा. कुठलीही परवानगी नाही, परवाना नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर अधिकृत आवृत्ती बाजारात यायच्या आधीच क्रॅक केलेली आवृत्ती हजारो एकरांवर चालू होती. सरकारने पीक उपटून जाळायचा हुकूम काढला. शेतकरी म्हणाले, हात लावून दाखवा. शरद जोशींची शेतकरी संघटना त्यांच्या बाजूने उभी राहिली. पीक काही जळलं नाही. २६ मार्च २००२ ला जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. दोन घटनांचा संबंध अधिकृतपणे कोणी सांगत नाही, पण तारखा बोलक्या आहेत.

बीटीचं ४५० ग्रॅमचं पाकीट तेव्हा सुमारे १६०० रुपयांना होतं, त्यात मोठा हिस्सा जनुकाच्या रॉयल्टीचा. २००६ मध्ये आंध्र सरकारने त्याविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली आणि भाव साडेसातशेच्या आसपास आला. मग लाटच आली. २००६ मध्येच दोन जनुकांचा 'बोलगार्ड-२' आला. पाच-सहा वर्षांत देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला आणि मंजूर हायब्रिड वाणांची संख्या हजारावर गेली! २००१-०२ मध्ये देशात १५८ लाख गाठी झाल्या होत्या, २०१३-१४ मध्ये ३९८ लाख. रुईचं हेक्टरी उत्पादन ३०० किलोच्या आसपास होतं, ते २००७-०८ मध्ये साडेपाचशेच्या वर गेलं.

यातलं किती श्रेय बीटीचं? इथे अभ्यासक भांडतात. कथागे आणि कईम या दोघांनी २०१२ मध्ये शेतकऱ्यांच्या अनेक वर्षांच्या सर्वेक्षणावरून लिहिलं की बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्के आणि नफा ५० टक्के वाढला. उलट नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये दाखवलं की उत्पादनाची चढण खतांच्या वाढत्या वापराशी जास्त जुळते, शिवाय गुजरातेत सिंचन वाढलं, नवी कीटकनाशकं आली. मला दोन्हीत तथ्य वाटतं. मामाच्या घराचा स्लॅब २००८ मध्ये पडला आणि फवारण्या दहावरून तीन-चारवर आल्या, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याच वर्षांत शेतात डीएपीच्या गोण्याही वाढल्या होत्या, हेही पाहिलंय. (आत्महत्यांचं खापर सरळ बीटीवर फोडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की त्या बीटीच्या आधीपासून होत होत्या. कर्ज, कोरडवाहू जमीन आणि भाव ही दुखणी जुनीच आहेत. बीटीने पाकिटाचा खर्च वाढवून जोखीम मात्र नक्की चढवली.)

आता पुडीकडे येतो.

कोणतंही औषध सतत वापरलं की त्याला दाद न देणारे कीटक उरतात आणि वाढतात. हे बीटी आणणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यावरचा उपाय म्हणजे रेफ्युजी, आश्रयाचं पीक. समजा लाखो अळ्यांत एखादीच प्रतिकारक आहे. बीटीच्या शेतात तीच तेवढी वाचली, पतंग झाली. जवळपास सगळीकडे बीटीच असेल तर तिला जोडीदारही तसाच वाचलेला मिळणार, आणि त्यांची सगळी पिल्लं प्रतिकारक निघणार. पण शेजारी थोडा साधा कापूस असेल तर त्यातून हजारो साधे, बीटीने मरणारे पतंग निघतील. प्रतिकारकाची गाठ बहुतेक वेळा त्यांच्याशीच पडेल, आणि झाडातला डोस पुरेसा कडक असेल तर त्यांची मिश्र पिल्लं बीटीवर मरतील. म्हणून नियम झाला की बीटीच्या शेताभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते लावायचं. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत ही १२० ग्रॅमची पुडी. कागदावर सुंदर अल्गोरिदम आहे.

आता मामाच्या बाजूने बघा. त्याचा पाच एकर कापूस. त्यातला एक एकर साध्या कापसाचा. फवारणी केली तर खर्च, नाही केली तर अळ्यांची पंगत. फायदा कोणाला? दहा वर्षांनी, साऱ्या तालुक्याला. शेजाऱ्याने नाही लावली तर मामाची एक एकर गेली आणि प्रतिकारक अळी यायची ती आलीच. मामाने लावली नाही आणि बाकीच्यांनी लावली, तर मामाला फुकटात संरक्षण. मामा गेम थिअरी शिकलेला नाही, पण त्याने गणित अचूक सोडवलं. पुडी माळ्यावर.

"कोनीच नाही पेरली का?" मी विचारलं.

"कोन पेरते? दुकानदार म्हने, हे फेकून देल्लं तरी चालते. एका वर्षी तं पुडीत तुरीचं बियानं निंघालं. थे मात्र पेरलं बाप्पा, तूर खाल्ली आमी."

तूर! हे ऐकून मला आधी गंमत वाटली, मग वाचल्यावर कपाळाला हात लावला. अमेरिकन बोंडअळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते, तिला काहीही चालतं. तिच्यासाठी शिवारातली तूर आयती रेफ्युजी होतीच. त्या अळीवर बीटी बऱ्यापैकी टिकलं त्याचं हे एक कारण. शेंदरी बोंडअळी मात्र आपल्याकडे जवळजवळ कापसावरच जगते. तिच्यासाठी साधा कापूस हाच एक आश्रय, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटी झालं तेव्हा तो संपला.

त्यात हायब्रिडने भर घातली. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, एका पालकाकडून आलेली. त्यामुळे एकाच बोंडातल्या काही सरक्यांत बीटी असतं, काहींत नसतं. अळीला कोवळ्या वयात थोडं थोडं विष चाखत तगून राहायची सोय. हे म्हणजे डॉक्टरने दिलेल्या अँटिबायोटिकचा अर्धाच कोर्स घेणं. वर लांब हंगाम, वर फरदड. बीटीचं प्रमाण झाडात हंगामाच्या शेवटी कमी होतं, आणि शेंदरी अळी नेमकी हंगामाच्या शेवटीच जोर करते.

निकाल ठरलेला होता. गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट भागात शेंदरी अळी पहिल्या बोलगार्डला दाद देत नाही, हे २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केलं. २०१४-१५ पर्यंत गुजरातेतच बोलगार्ड-२ सुद्धा हरलं. आणि २०१७ मध्ये ती आमच्याकडे आली.

मी तेव्हा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुटीत मामाकडे गेलो तर पऱ्हाटी छातीएवढी, फुलांनी भरलेली. मला वाटलं, काय पीक आहे! मामाने एक फूल खुडून हातात दिलं. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या, न उमललेल्या. "डोमकळी," म्हणाला. उकलून दाखवली, आत इवलीशी अळी. मग बोंड फोडलं. बाहेरून ठणठणीत आणि आत किडकी सरकी, पिवळी पडलेली रुई. त्याने अशी दहा-बारा बोंडं फोडली असतील, काही न बोलता, आणि हात पुसून घराकडे चालायला लागला. पाच एकरांत त्या वर्षी किती झालं ते मी विचारलं नाही.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. बीटी कापसावर एवढी फवारणी कशाला, असं पुण्यातल्या माझ्या मित्राने विचारलं होतं. उत्तर असं की बीटी फक्त बोंडअळ्यांसाठी. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना ते काही करत नाही. बोंडअळीची फवारणी कमी झाली तेव्हा या किडी वाढल्या, त्यांच्यासाठी वेगळी औषधं आली, तीही हळूहळू बोथट झाली, आणि वरून बोंडअळी परत आली. क्रांती आणि स्टोन यांच्या हिशोबाने २०१८ पर्यंत कीटकनाशकांवरचा हेक्टरी खर्च बीटी येण्याआधीपेक्षाही ३७ टक्के जास्त झाला होता. म्हणजे जिथून निघालो तिथेच, फक्त बी महाग.

इथपर्यंत वाचून 'बघा, बीटी टिकाऊ नाहीच' असं म्हणणार असाल तर थांबा. तीच अळी आठवते? १९१७ मध्ये टेक्सासला पोचलेली? १९९६ पासून ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी रेफ्युजी काटेकोर लावली, दहा वर्षं. मग २००६ पासून त्यांनी, विद्यापीठाने आणि सरकारने मिळून दुसरा डाव टाकला. बीटी कापूस जवळजवळ सगळीकडे, आणि विमानातून वांझ केलेले शेंदरी पतंग सोडायचे, म्हणजे बीटीतून वाचलेल्याला जोडीदार मिळेल तो वांझ. असे अकरा अब्जांहून जास्त पतंग सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केलं की कापूस पिकवणाऱ्या त्यांच्या साऱ्या भागातून शेंदरी बोंडअळी संपली. आमच्या डोमकळीनंतर बरोबर एका वर्षाने. अळी तीच आणि बीटीची प्रथिनंही तीच.

ॲरिझोना म्हणजे मोठमोठी शेतं, थोडे शेतकरी, संघटना मजबूत. आपल्याला ते कसं जमावं, हा रास्त प्रश्न आहे. पण चीनचं उदाहरण त्याहून मजेशीर. यांगत्से नदीच्या खोऱ्यात आपल्यासारखेच छोटे शेतकरी. रेफ्युजी लावा असं त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. तिथेही प्रतिकार वाढू लागला होता. मग २०१० नंतर तिथल्या बियाणे कंपन्या बीटी आणि साध्या कापसाच्या संकराचं दुसऱ्या पिढीचं बी विकू लागल्या, कारण ते स्वस्त पडायचं. दुसऱ्या पिढीत चारातलं एक झाड बीटीविना निघतं. म्हणजे पाकिटातच २५ टक्के रेफ्युजी, बेमालूम मिसळलेली! शेतकऱ्याला निवड नाही, त्याग नाही, हिशोब नाही. २०१५ पर्यंत तिथे प्रतिकार उलटा फिरून कमी झाला, अळी घटली, फवारणीही घटली. कोणी ठरवून केलं नाही, स्वस्ताईने झालं.

हे वाचताना मी खुर्चीत उडालोच. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात की वापरणाऱ्याने पुस्तिका वाचून शिस्तीत वागावं यावर सिस्टीमची सुरक्षितता कधी सोडायची नाही. जे व्हायला हवं ते आपोआप होईल असं डिझाइन करायचं. आपल्याकडे लाखो कोरडवाहू शेतकऱ्यांच्या हातात वेगळी पुडी देऊन सांगितलं, यातून अळ्या वाढवा. आणि मग तंत्रज्ञान फसलं तेव्हा अहवालांत लिहिलं, शेतकऱ्यांनी रेफ्युजी लावली नाही. आमच्याकडे कोणी असा बग 'युजर एरर' म्हणून बंद केला तर मॅनेजर त्याला चहाला घेऊन जातो आणि तो चहा गोड नसतो :)

दुसरी वाट होती का? एक निघाली होती. सरकारी संस्थांनी 'बिकानेरी नरमा' नावाचा बीटी कापूस २००९ च्या सुमारास आणला. हायब्रिड नाही, सरळ वाण. घरचं बी ठेवता येईल असा. पण त्यात मोन्सँटोचंच जनुक आढळलं, वाण मागे घेतला गेला, आणि २०१२ मध्ये डॉ. सोपोरी यांच्या समितीने त्यावर कडक अहवाल दिला. स्वदेशी म्हणून गाजवलेल्या कोडमध्ये दुसऱ्याच्या फायली सापडाव्यात तसं. मला सगळ्यात वाईट या प्रकरणाचं वाटतं. बीटी आणि कमी मुदतीचा सरळ वाण ही जोडी तेव्हा जमली असती तर नोव्हेंबर-डिसेंबरात शेत रिकामं करता आलं असतं. आता क्रांती आणि इतर काही जण कमी दिवसांचे, दाट लागवडीचे वाण सांगतायत. तेव्हा मात्र जनुक हायब्रिडमध्येच राहिलं, कारण हायब्रिड बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं आणि त्यावर रॉयल्टी वसूल करता येते. मी यात कोणाचं कारस्थान शोधत नाही. धंदा असाच चालतो. पण बियाण्याचा आराखडा अळी बघून न ठरता गल्ला बघून ठरला, एवढं म्हणायला हरकत नाही.

आज परिस्थिती अशी की देशाचं हेक्टरी उत्पादन पुन्हा साडेचारशे किलोच्या आसपास घसरलंय. २००९ नंतर बरीच वर्षं नवीन जनुकाच्या कापसाला मंजुरी मिळाली नाही. तणनाशक सहन करणारा बेकायदा कापूस चोरवाटेने खेड्यापाड्यांत पोचलाय. २०१९ च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला तो उघडपणे पेरून सत्याग्रह केला. २००१ चंच नाटक, पात्रं थोडी बदललेली. आणि बेकायदा बियाण्याला रेफ्युजीची पुडी कोण जोडणार?

सरकारने शेवटी वेगळी पुडी बंद केली. आता ४७५ ग्रॅमचं एकच पाकीट मिळतं, त्यात पाच-दहा टक्के साधं बी आधीच मिसळलेलं. २०२५ च्या हंगामाला त्याची कमाल किंमत ९०१ रुपये होती. कल्पना बरोबर, पण शेंदरी अळी बोलगार्ड-२ पचवून बसल्यावर आली. वरातीमागून घोडं. मामा आता कामगंध सापळे लावतो, जानेवारीच्या आत पऱ्हाटी उपटून टाकतो, फरदड घेत नाही. शेजारचे दोघे अजून घेतात. पाच एकरांतला तीन एकर कापूस राहिलाय, बाकी सोयाबीन आणि तूर.

निघायच्या दिवशी मी मामाला हे सगळं सांगितलं, ॲरिझोना, चीन, मिसळलेलं बी. त्याने पुडी हातात घेऊन उलटसुलट केली, शांतपणे ऐकलं. विमानातून पतंग सोडतात याचं त्याला फार नवल वाटलं. मग विचारलं,

"मंजे आता पाकिटातच अळीचं बियानं मिसळून देतेत?"

"हो."

"मंग थे वेगळं कसं काढाव?"

मामी आतून म्हणाली, "काढू नका म्हनते ना थो!" मामाने पुडी परत पेटीत टाकली आणि मला शिडीवर चढायला सांगितलं.